तक्रार नाही

नेव्हिल विचारतो

"कशी आहेस, मर्ल?"

"तक्रार नाही."

मेलबर्नपासून लांब, गव्हा-मेंढ्यांच्या मिन्यारा गावात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. असेलही, पण ते कोणी दिल्याचं ऐकिवात नाही. गव्हाच्या कोठारावर एकाचा हात यंत्रात गेला. ट्रकच्या मागे घालून त्याला हॉस्पिटलात नेताना कोणीतरी विचारलं, कसा आहेस रे? तक्रार नाही, असं म्हणून तो बेशुद्ध पडला. दुष्काळात मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यात लोटल्या, त्या संध्याकाळीही पबमध्ये सगळे एकमेकांना हेच सांगत होते. जो दुसरं काही सांगेल तो शहरातला असावा, नाहीतर त्याचं काही खरं नाही.

तर दर शुक्रवारी नेव्हिल विचारतो आणि दर शुक्रवारी मर्ल पेंडरगास्ट हेच सांगते. नेव्हिल खाटीक. पोस्टाला लागून दुकान. महिन्यातल्या एका मंगळवारी तो एप्रन काढून कोट घालतो, कारण गावाने त्याला कौन्सिलवर निवडून दिलंय.

"आणि क्लिफ?"

"त्याचीही नाही."

मर्लच्या नवऱ्याने, क्लिफने, त्या सकाळी आपले बूट ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन पेटवला होता. हे काही दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. मर्लने सॉसेजचं पुडकं वॉकरच्या टोपलीत टाकलं आणि ती निघाली.

जनीन विचारत नाही

तिच्याकडे किल्ली आहे. ती येते, दार उघडते, बघते. विचारायचं काय त्यात?

"आज बूट भाजलेस होय, मर्ल? माझ्यासाठी डावा ठेव."

जनीन म्हणजे कौन्सिलची बाई. मर्लच्या आईचे पाय गेले तेव्हाही कौन्सिलचीच बाई यायची, वेगळी, पण कौन्सिलचीच. जसा रस्ता कौन्सिलचा, कचऱ्याचा डबा कौन्सिलचा, तशी म्हाताऱ्यांची अंघोळही कौन्सिलची, यात कोणाला काही विशेष वाटत नसे, आणि जनीन इतकी वर्षं इतक्या घरांत येत-जात होती की कोणाच्या न्हाणीघरातली फरशी कुठे निसरडी आहे आणि कोणाला पाठीवर पाणी आधी चालतं आणि कोणाला पायावर हे ती चालत्या गाडीत सांगू शकली असती, आणि खुद्द नेव्हिलच्या आईला तिनेच शेवटपर्यंत न्हाऊ घातलं होतं, शेवटचे केसही तिनेच विंचरले होते.

क्लिफचं आयुष्य मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेलं. पाठ वाकली ती वाकलीच. आता डोकं जिथे जिथे रिकामं झालं, तिथे तिथे कातरणीची शेड येऊन बसली. सकाळी उठला की तो शेडमध्येच असतो. आणि शेडमध्ये बायकांना मज्जाव. जुन्या काळी कोणाची बायको किंवा मालकीणबाई दाराशी दिसली, की ज्याला आधी दिसेल तो हाळी द्यायचा: "तळ्यात बदकं आली!" म्हणजे शिव्या गिळा, सदरे चढवा.

मर्लने शर्टाच्या बटणाला हात लावला की क्लिफ शर्ट गच्च धरून ओरडतो, "बदकं! तळ्यात बदकं आली!"

"लग्नाच्या बायकोला बदक म्हणतो मेला," मर्ल जनीनला हसत सांगायची. हसायची म्हणून जनीनही हसायची.

जनीनचा आवाज मात्र बाईचा नाही. सिगरेटींनी तो पार खरवडलाय, आणि मुळात तो तिच्या बापाचा आहे. तिचा बाप, स्नोई, शेडमध्ये क्लिफच्या शेजारी उभा राहून कातरायचा; पलीकडे बॅरी, आणि दिवसाकाठी कोणाच्या मेंढ्या जास्त यावर क्लिफची त्याच्याशी रोजची चुरस. जनीन दाराआडून पातेल्याच्या झाकणावर डाव हाणते, टण्ण टण्ण.

"घंटा झाली रे! शेवटची मेंढी गेली. अंग धुवायचं, मग बियर!"

क्लिफ उठतो. आपण होऊन उठतो.

"बॅरीच्या किती झाल्या, स्नोई?"

"तुझ्यापेक्षा एक कमी."

"हात्तिच्या! रडत असेल गाढव."

"डोळे पुसायला तुझाच टॉवेल मागत होता."

आणि दोघं आत जातात. मर्ल स्वयंपाकघरात बसून पाण्याचा आवाज ऐकते, आणि दोन कातऱ्यांचं हसणं. मग चहा, आल्याचं बिस्कीट. क्लिफ साबणाच्या वासाचा होऊन खुर्चीत बसतो आणि तेवढ्या वेळात कधीकधी मर्लला तिच्या नावाने हाक मारतो.

त्या पातेल्याच्या झाकणावर हे घर उभं होतं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता: एकटीला आवरेनासा झाला की लॉकहर्स्टच्या नर्सिंग होममध्ये. लॉकहर्स्ट गाडीने तास-दीड तास. मर्लने गाडी चालवणं सोडून कैक वर्षं झाली. मूलबाळ नाही.

फोन विचारतो

चुलीवर बटाटे होते. क्लिफ खिडकीतून बागेची पाण्याची नळी आत ओढत होता. फोन वाजला. मेलबर्नहून एक मुलगी बोलत होती, कौन्सिलने नेमलेली, आवाज मधासारखा.

"कशा आहात तुम्ही, मिसेस पेंडरगास्ट?"

"तक्रार नाही."

"वा! आणि घरी येणाऱ्या मदतीबद्दल काय सांगाल?"

"तक्रार नाही," मर्ल म्हणाली, आणि या वेळी अगदी मनापासून म्हणाली. मिन्यारात याहून मोठी स्तुती नाही. लग्नात नवऱ्याने बायकोबद्दल एवढं म्हटलं तरी सासूच्या डोळ्यांत पाणी येतं.

"आणि समजा, हीच मदत कौन्सिलच्या ऐवजी दुसऱ्या कोणी दिली, तर?"

नळी आत आली होती. नळ बाहेर चालू होता.

"क्लिफ! ठेव ते खाली! ... हं? बघू. सांभाळून घेऊ काहीतरी."

आता मिन्यारात 'सांभाळून घेऊ' याचा अर्थ होतो: देवा, माझ्यावर ही वेळ आणू नकोस. पण मेलबर्नच्या पोरीला कोण सांगणार? तिच्या शाळेत मिन्याराची बोली शिकवत नव्हते.

"खूप छान वाटलं तुमच्याशी बोलून," ती म्हणाली.

मर्ललाही वाटलं. कोणीतरी विचारलं होतं. त्या खुशीतच तिने स्वयंपाकघर पुसलं.

सभागृहात विचारायचं नसतं

म्हणजे विचारता येतं, पण आधी लिहून द्यावं लागतं, आणि ते अध्यक्ष वाचतात. प्रश्नकर्त्याने समोर हजर राहायचं आणि गप्प बसायचं. हजर नसला तर प्रश्न बाद.

कौन्सिल म्हाताऱ्यांची सेवा सोडून देणार ही बातमी जनीननेच आणली. आणली म्हणजे सिंकवर कप धुता धुता पाठमोरी बोलली.

"मंगळवारी मतदान आहे. मला तोंड उघडायला बंदी आहे. नोकर ना मी."

"मला नाही ना बंदी?"

"तुला कोण बंदी करणार, मर्ल? पण तू जाणार कशी? क्लिफपाशी कोण?"

"तू."

जनीनने नळ बंद केला. "ड्युटी संपल्यावर येते मी. माझ्या मर्जीने. त्याला कोणाच्या बापाची बंदी नाही."

तर मंगळवारी संध्याकाळी मर्ल सभागृहात होती. अंगावर चर्चचा निळा कोट, ओठांना लाली. तिच्या बाजूला लेस बसला होता, रेल्वेतून निवृत्त झालेला, पायाची जखम न भरणारा. त्याची पट्टीही जनीनच बांधायची. लेसने टाय लावला होता.

"कसा आहेस, लेस?"

"तक्रार नाही. तू?"

"नाही."

मर्लचा प्रश्न अध्यक्षांनी वाचला: जनीन गेली तर माझ्या नवऱ्याला अंघोळ कोण घालणार? कौन्सिलपुढे असा प्रश्न याआधी आला नसावा. एक नगरसेवक खोकला. उत्तर द्यायला कौन्सिलच्या संचालिकाबाई उठल्या, वर्षभरापूर्वी शहरातून आलेल्या, नीटस, हसऱ्या.

त्या म्हणाल्या, कोणाचीही सेवा बंद होणार नाही, फक्त देणारे बदलतील. त्या म्हणाल्या, कौन्सिलला हे पूर्वीसारखं परवडत नाही. त्या म्हणाल्या, आम्ही घरोघरी फोन करून विचारलंय, आणि बहुतेक ज्येष्ठांची या बदलाबद्दल तक्रार नाही.

"त्यांच्याच शब्दांत सांगते," त्या म्हणाल्या, "एका आजींचं बोलणं मला फार भावलं. त्या म्हणाल्या: तक्रार नाही. सांभाळून घेऊ."

सभागृहात कौतुकाचं हलकंसं हसू पसरलं. नेव्हिलही हसला. हे बोलणं त्याच्या ओळखीचं होतं, सगळ्या गावाचंच होतं. कोणाचं म्हणून त्याने वेगळं ओळखावं?

मर्ल उभी राहिली. वॉकर खुर्चीत अडकला, खुर्ची खडखडली.

"ते मी... ते तसं नव्हतं म्हटलं."

"मर्ल," अध्यक्ष अगदी प्रेमाने म्हणाले, "प्रेक्षकांना बोलता येत नाही, माहीत आहे ना तुला? बस बघू."

आणि मर्ल बसली. ती बसली यात नवल काय? जन्मभर ती सांगितल्यावर बसतच आली होती. लेसने तिचा हात थोपटला. सेवा सोडण्याच्या बाजूने हात वर झाले. नेव्हिलचाही झाला, वर केलेल्या हाताची नखं तो निरखत होता, जणू त्यांत काहीतरी अडकलंय.

घरी आली तेव्हा क्लिफ न्हाऊन-माखून खुर्चीत झोपलेला.

"काय म्हणाले?" जनीनने विचारलं.

"तुझं फार कौतुक केलं," मर्ल म्हणाली.

जनीनला कौन्सिलने निरोपाला एक मग दिला. त्यावर कौन्सिलचं बोधचिन्ह, गव्हाची ओंबी. पहिल्याच चहाला कान तुटला. किल्ली तिला परत करावी लागली.

कंपनी विचारते

म्हाताऱ्यांची अंघोळ आता कौन्सिलची नाही, एका कंपनीची. कंपनीची बाई येते तेव्हा तिचा फोनही येतो. तो कट्ट्यावर ठेवायचा. नेमून दिलेला वेळ संपला की तो किणकिणतो, आणि मग हातातलं काम जिथे असेल तिथेच टाकून तिला

पहिलीला मर्लने सगळं नीट समजावलं. झाकण, डाव, स्नोई, बॅरी. ती बिचारी टिपून घेत होती. टिपून झालं, मग हातमोजे चढवले, मग क्लिफपाशी जाऊन अतिशय आदराने म्हणाली, "सर, आपण आता अंघोळ करू या का?" क्लिफने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाळी

दुसरी वेगळीच आली. तिला पहिलीने काही सांगितलं नव्हतं, कारण पहिली आता दुसऱ्या जिल्ह्यात होती. मर्लने परत पहिल्यापासून सुरुवात केली: याचं असं आहे, हा मेंढ्या कातरायचा, आणि शेडमध्ये एक घंटा असे, ती झाली की

तिसरी होती प्रमिला, नेपाळची, लांबून गाडी हाकत यायची. ती मर्लला आमा म्हणायची. तिने झाकण वाजवलं. जीव तोडून वाजवलं. आवाज जाड करून म्हणाली, "घंटा झाली रे!" क्लिफ बुचकळ्यात पडला, पण उठला. मर्ल दारामागे श्वास रोखून उभी. न्हाणीघराच्या उंबऱ्यापर्यंत तो आला. शर्टाचं वरचं बटण त्याने स्वतः काढलं.

"बॅरीच्या किती झाल्या?"

प्रमिलाने मर्लकडे पाहिलं. मर्लने ओठ हलवले: तुझ्यापेक्षा एक

किणकिण.

"आमा, माफ करा," प्रमिला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पुढचं घर फार लांब आहे. उशीर झाला तर माझे पैसे कापतात. पुढच्या वेळी पहिल्यापासून घंटा वाजवू, हं?"

पुढच्या वेळी प्रमिला नव्हती.

"कशा आहात?" आलेलीने विचारलं.

"तक्रार नाही," मर्लच्या तोंडून गेलं.

मग मर्ल स्वतःच त्याला अंघोळ घालायला गेली. दुसरं करणार तरी काय? क्लिफच्या अंगाला वास यायला लागला होता, मांड्या सोलवटल्या होत्या. तिने झाकण वाजवलं, स्नोईचा आवाज काढला, शर्टाला हात घातला. क्लिफने बदकाला ढकललं. जोरात नाही, बदकाला ढकलतात तसंच. पण फरशी ओली होती आणि मर्लचा खांदा आधीच कामातून गेलेला. शेजारणीला आवाज ऐकू गेला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही. जनीनसारखंच फक्त बघितलं, आणि लॉकहर्स्टला फोन लावला.

जनीन विचारते

आता हे ऐका. लॉकहर्स्टच्या नर्सिंग होममध्ये क्लिफला न्हाऊ घालायला कोण होतं? जनीन. कंपनीने तिला गरज पडेल तेव्हा बोलावू, घराघरांमधल्या गाडीच्या वेळेचे पैसे नाहीत, असं सांगितलं होतं. तिने लॉकहर्स्टला नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली.

म्हणजे जी आधी त्याच्या दाराशी यायची, तिच्या दाराशी आता तो जाऊन पडला होता. आणि मर्ल मिन्यारात. म्हाताऱ्यांची ने-आण करणारी कौन्सिलची गाडीही त्याच मतदानात गेली होती.

चर्चच्या कोणीतरी गाडी काढली तेव्हा मर्ल एकदाची तिथे पोचली. खांदा झोळीत. लांब गुळगुळीत बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्यांत म्हातारे. आतून कुठूनतरी टण्ण टण्ण आवाज आला आणि ती थबकली.

क्लिफ न्हाऊन बाहेर आला, केस ओले, गाल गुलाबी. कितीतरी दिवसांत इतका बरा दिसला नव्हता. त्याने बोळात उभी असलेली बाई पाहिली. चेहरा उजळला त्याचा. हात तोंडाशी नेले.

"हुश्शार, पोरांनो! तळ्यात बदकं आली!"

खुर्च्यांतले दोघं-तिघं पूर्वीचे कातरेच असावेत. त्यांनी सदरे सारखे केले.

"अरे, मर्ल आहे ती," जनीन म्हणाली. "तुझी मर्ल."

"बायकोला शेडमध्ये घेत नाहीत, स्नोई," क्लिफ तिला दटावत म्हणाला. "नियम आहे."

मर्लने आणलेलं बिस्किटांचं पुडकं जनीनच्या हातात दिलं.

जनीनने पुडकं घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कशी आहेस, मर्ल?"

मर्लने तोंड उघडलं. नेहमीचे दोन शब्द जिभेवर तयार होते. ते आले नाहीत. गाडीवाल्या बाईंना परत निघायची घाई होती, म्हणून दुसरेही आले नाहीत.

नेव्हिल पुन्हा विचारतो

शुक्रवार. दुकानात रांग होती. मर्लच्या मागे लेस.

"कशी आहेस, मर्ल?" सॉसेज तोलता तोलता नेव्हिल म्हणाला.

"वाईट," मर्ल म्हणाली.

काट्यावरचा नेव्हिलचा हात तिथेच राहिला.

"वाईट आहे मी, नेव्हिल, तू विचारलंस म्हणून सांगते, सॉसेज अर्धे कर कारण खाणारी एकटीच आहे, आणि पलंगाची त्याची बाजू मी अजून रात्री गरम करून ठेवते आणि सकाळी मलाच माझी लाज वाटते, आणि तो तिकडे मजेत आहे, माझ्याशिवाय मजेत, मला बघून बदक म्हणतो आणि तिथले म्हातारे सदरे सारखे करतात, आणि त्याच्या मांड्या सोलवटल्या होत्या, नेव्हिल, वास येत होता त्याला, माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला, आणि तुझ्या आईला कधी आला होता का वास, सांग ना, तुझी आई गेली तेव्हा तिचे केस कोणी विंचरले होते ते या सगळ्यांना सांग, आणि त्या सभेत तुमच्या बाईंनी ज्या आजीचं बोलणं वाचलं आणि तू हसलास ना, ती आजी मी, मीच म्हटलं होतं तक्रार नाही, चुलीवर बटाटे होते आणि घरात पाणी शिरत होतं आणि त्या पोरीने विचारलं आणि मी म्हटलं, पण नेव्हिल, तू तर इथलाच ना रे, तुला ठाऊक आहे आपण ते कशाला म्हणतो, तिला नसेल कळलं, तुला कळायला काय झालं होतं, तू इथलाच असून हात वर केलास आणि मी इथली म्हणून बस म्हटल्यावर बसले, तर आता बसत नाही, विचार मला पुन्हा, विचार कशी आहेस, दर शुक्रवारी विचारतोस तसं विचार..."

किणकिणायला इथे फोन नव्हता. नेव्हिल गल्ल्यामागे होता, मागे थंडगार कोठी, पुढे मर्लचा वॉकर. रांगेतली एक बाई काही न घेताच बाहेर पडली. बाकीचे काचेखालच्या चॉप्सकडे बघत होते. नेव्हिलने मान खाली घालून सॉसेज बांधले. मग कपाटातून लँबचे दोन तुकडे काढून, न तोलता, त्याच पुडक्यात सरकवले.

मर्लने ते तुकडे बाहेर काढले आणि काचेवर ठेवले. सॉसेजचे पैसे दिले. वॉकर वळवला.

रांग पुढे सरकली. लेस समोर आला. सदऱ्याची बटणं खाली-वर लागलेली, दाढी वाढलेली, विजारीच्या पायातून पट्टीचं मळकं टोक लोंबत होतं. नेव्हिलने त्याच्याकडे बुडत्या माणसासारखं पाहिलं.

"कसा आहेस, लेस?"

दारापाशी मर्ल थांबली. वळली नाही. सगळं दुकान थांबलं होतं.

लेसने घसा साफ केला.

"तक्रार नाही," तो म्हणाला.